उजेड कुठनं येतो?

उभ्या धाराशिव जिल्ह्यात नातेवाइकांकडे रिकामी पिशवी घेऊन जाणारी, परतताना ती गच्च भरून नेणारी आणि इतकं करूनही चोर न ठरलेली एकच बाई असेल, आणि ती म्हणजे माझी मोठी नणंद. बाकीच्यांच्या नणंदा माहेरी आल्या की साडी नेतात, खण नेतात, फार तर लोणच्याची बरणी नेतात. आमच्या वन्सं घड्याळं नेतात. प्लास्टिकची फुलं नेतात, कॅलेंडरं नेतात, ‘सुस्वागतम्’ लिहिलेली चमकीची तोरणं नेतात. एकदा तर मी मोठ्या हौसेनं तुळजापुरातून आणलेला मण्यांचा पडदा त्यांनी माझ्यादेखत उतरवला, पिशवीत कोंबला, आणि पिशवी जड झाली म्हणून तिचा एक बंद धरून मीच त्यांना त्यांच्या बेंबळी गावच्या गाडीपर्यंत पोचवायला गेले. गाडी सुटल्यावर रिकाम्या हातानं परत येताना माझ्या लक्षात आलं की आपला पडदा गेला. घरी आले तर दारातून थेट मागच्या अंगणापर्यंत दिसत होतं आणि वाराही येत होता, त्यामुळं रागवायचं राहूनच गेलं.

वन्सं बेंबळीच्या अंगणवाडीत तीस वर्षं ताई होत्या. आता निवृत्त आहेत, यजमान गेले, मुलगा पुण्यात असतो. त्यांच्या अंगणवाडीची खोली एवढीशी होती, पण आमच्या सगळ्या नात्यात तिच्याइतकी देखणी खोली दुसरी नव्हती. खाली गेरूचा पट्टा, वर पांढरा चुना, आणि पोरांची चित्रं पोरांच्या उंचीवर लावलेली. साहेब तपासणीला आले की त्यांना ती वाकून बघावी लागत. एक साहेब म्हणाले, “ताई, चित्रं जरा वर लावा की.” वन्संनी उत्तर दिलं, “साहेब, तुम्ही वर्साला एकदा येता. पोरं रोज येत्यात.”

त्यांच्या पिशवीत नेहमी तीन वस्तू असतात: पक्कड, पांढरी टूथपेस्ट आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. पक्कड खिळे उपटायला, टूथपेस्ट त्या भोकांत भरायला आणि तुकडा पुसायला. खिळा आणि वन्सं यांचं काय वैर आहे कोण जाणे. आमच्या ह्यांना कॅलेंडरांचा भारी सोस. सराफाचं, खताच्या दुकानाचं, पतसंस्थेचं, औषधवाल्याचं, दिलेलं कॅलेंडर नाही म्हणायचं नाही असा त्यांचा बाणा, आणि दरेकाला वेगळा खिळा. एका दिवाळीत वन्सं आल्या, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काय रं, हितं सात ठिकाणी आजची तारीख एकच हाय का बघतूस?” हे दुकानातून दूध घेऊन येईपर्यंत सहा कॅलेंडरं खाली आणि सहा भोकं टूथपेस्टनं बंद. तेव्हापासून हॉलमध्ये पंखा सुरू केला की पुदिन्याचा वास येतो, असं हे पाहुण्यांना सांगतात. ते खोटं आहे. आठवडाभरच येत होता.

बरं, नेलेल्या वस्तू त्या टाकत नाहीत. बेंबळीच्या घरात त्यांची एक भली मोठी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात सगळ्या नातेवाइकांच्या भिंती झोपलेल्या असतात. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: ‘मंगलचं घड्याळ, देणारे तिचे मामा.’ ‘थोरल्या जावेचा काचेचा राजहंस, देणारे व्याही.’ मंगल म्हणजे मी. आहेरात आलेली वस्तू भिंतीवर दिसली नाही तर आपल्याकडे देणाऱ्याचा अपमान होतो, हे वन्संनाही मान्य आहे. म्हणून देणारा येणार असला की आधी बेंबळीला फोन करायचा. वन्सं ती वस्तू पिशवीत घालून पहिल्या गाडीनं हजर होतात, पाहुणा असेपर्यंत ती भिंतीवर राहते आणि पाहुण्याच्या मागोमाग परत जाते. एकदाच गफलत झाली. थोरल्या जावेकडे व्याही आले आणि त्यांच्यासमोर राजहंसाच्या जागी माझ्या आत्यानं दिलेला मोर निघाला. व्याही बराच वेळ मोराकडे बघत राहिले, मग म्हणाले, “आम्ही दिला तेव्हा पांढरा होता.”

कुठल्याही नव्या घरात गेल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “उजेड कुठनं येतो?” मग पाणीबिणी न घेता त्या घरभर बसत सुटतात. सोफ्यावर बसतील, खाटेवर आडव्या होतील, स्वयंपाकघरात पाटावर बसतील, आणि प्रत्येक ठिकाणाहून समोर काय दिसतं ते बघतील. घर सजवणारे सगळे दारात उभं राहून सजवतात, म्हणून घर फक्त दारातून चांगलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. तुळजापूरला आमच्या ओळखीची एक बाई यात्रेकरूंना खोल्या देते. वन्संनी तिच्या खोलीतल्या खाटेवर तासभर पडून राहून सांगितलं, “बाई, पडलं की डोळ्यावर ही दिव्याची नळी येती, अन् समोर तुझा नळ गळताना दिसतो. देवीला आलेला माणूस रात्रभर नळ बघंल का?” खाट फिरवली, दिवा बाजूला घेतला, जुन्या इरकली साडीचा पडदा काठ खाली येईल असा लावला. एवढंच केलं, आणि ती खोली त्या बाईनं भाड्यानं द्यायची सोडून स्वतःच झोपायला घेतली. एका मयताच्या घरी भेटायला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. चांगल्या गळा काढून रडत होत्या, आणि रडता रडता त्यांची नजर भिंतीवर गेली. फोटो जरा तिरका होता. पदरानं डोळे पुसत उठल्या, फोटो सरळ केला, दोन पावलं मागं येऊन बघितला, आणि खाली बसून राहिलेलं रडू पुरं केलं.

हे सगळं मी इतकी लांबण लावून सांगते आहे ते एका रविवारामुळं.

आमचा मुलगा एकतिशीला आला होता. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या विहिरींच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात, पोरगा निर्व्यसनी, हातात कसब, पण हल्ली मुलीकडच्यांना नोकरीवालाच हवा असतो, आणि नोकरी नसेल तर निदान घर तरी बघण्यासारखं हवं असतं. पूर्वी मुलगी बघायला जायचे, आता मुलाचं घर बघायला येतात. आमचं घर दोन वेळा बघून झालं होतं. दोन्ही वेळा मी जीव तोडून घर सजवलं होतं. सोफ्याला कारखान्यातून आलं तेव्हाचं प्लास्टिक तसंच ठेवलेलं, नवं दिसावं म्हणून. पहिल्या वेळी मे महिना होता. मुलीचे काका घामानं त्या प्लास्टिकला असे चिकटले की उठताना फर्रकन आवाज झाला, आणि सगळे दुसरीकडे बघू लागले. दुसऱ्या वेळच्या बाई शोकेसकडे बघतच बसल्या. शोकेस म्हणजे माझा प्राण. तिच्यात काय नव्हतं? आग्र्याचा ताजमहाल, मुलाची शाळेतली ढाल, चार बाहुल्या, नाव घातलेली स्टीलची भांडी आणि निळ्या फुलांचा कपबशांचा सेट. तो सेट एकोणीस वर्षं मी मोठ्या पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता, आणि एकोणीस वर्षांत तेवढा मोठा पाहुणा कुणी आला नव्हता. दोन्ही मंडळी जाताना म्हणाली, “कळवतो.” या शब्दाचा अर्थ ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा आहे त्यांना सांगायला नको. दुसऱ्या वेळी मुलगा नेहमीसारखा जेवला आणि दुकानात गेला. मला मात्र तो पाठमोरा जाताना बघून भडभडून आलं.

तिसरं स्थळ येडशीचं. मुलगी फार्मसी शिकलेली, औषधाच्या दुकानात काम करणारी. मध्यस्थ माझे मामा, घड्याळवाले. मुलगी स्वतः घर बघायला येणार होती. मी वन्संना फोन केला तो मामांचं घड्याळ परत आणा एवढं सांगायला. त्या शुक्रवारीच घड्याळ घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “शोकेस उचला.”

मी आयुष्यात पहिल्यांदा नणंदेला उलट बोलले. “वन्सं, आधीच दोन स्थळं गेली. आता घरात काहीच दिसलं नाही तर पोरगं बिनलग्नाचं राहील. तुमचा छंद होतो, आमचा जीव जातो.”

वन्सं रागावल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “मंगल, त्या पोरीला हितं जल्म काढायचाय. ती तुझा ताजमहाल मोजाया येत न्हाय. ती बघणार, म्या कुठं बसंन.”

मला ते काही पटलं नव्हतं. पण माझी दोन वेळची सजावट वाया गेलेली होती, आणि ह्यांनी आणि मुलानं तोवर शोकेस उचललीसुद्धा होती. ती माडीवर गेली. सोफ्याचं प्लास्टिक वन्संनी कात्रीनं टराटरा फाडलं. खाली इतका सुंदर विटकरी रंग होता आणि तो आम्ही आठ वर्षांत कधी बघितला नव्हता. भिंतींना हलका पांढरा हात मारला. दिवाणावर माझ्या सासूबाईंनी शिवलेली वाकळ घातली, जी मी पाहुणे आले की कपाटात लपवत असे. कोपऱ्यात पितळेचा तांब्या चिंचेनं घासून त्यात ज्वारीची वाळलेली पाच कणसं उभी केली. अर्ध्या तासात खिडकीतून चिमण्या आल्या आणि दोन कणसं खाऊन गेल्या. हे म्हणाले, “आमच्या घरचा फ्लॉवरपॉट खायला लोक लांबून येतात.” वन्संनी तीनच ठेवली, आणि खरं सांगते, पाचापेक्षा तीन जास्त शोभली.

मग त्या आपल्या सवयीप्रमाणं घरभर बसत सुटल्या. शेवटी स्वयंपाकघरात आल्या आणि उभ्याच राहिल्या. “तू कुठं बसतीस?”

“कुठं म्हणजे? बसते की. भाकरी करताना ओट्याशी उभी असते, निवडायला खाली बसते.”

“ते कामाला. नुसती कुठं बसतीस?”

 बत्तीस-तेहतीस वर्षांच्या संसारात सोफा पाहुण्यांचा, दिवाण ह्यांचा, पलंग झोपायचा. वन्सं ओट्याला टेकून, एरवी बोलत नाहीत अशा आवाजात बोलल्या, “म्या लगीन होऊन बेंबळीला गेले तवा घरात दोन खुर्च्या व्हत्या, मामंजींची अन् थोरल्या दिरांची. बाज सासूबाईंची. म्या जेवाया बसायचे, निवडाया बसायचे, न्हायाला बसायचे. नुसतं बसाया जागाच नव्हती गं. अंगणवाडीत लागले अन् सरकारनं पोरांसाठी लाकडी खुर्च्या धाडल्या. एवढ्याश्या. पोरं घरी गेली की दार लोटून त्यातल्या एकीवर बसायचे म्या. गुडघं पार हनुवटीला लागायचं. पण बसायचे.” आणि लगेच मुलाला हाक मारून म्हणाल्या, “माडीवर आपल्या दादांची लोखंडी खुर्ची पडलीय का रं?”

सासऱ्यांची ती जुनी खुर्ची, पट्ट्या तुटून नुसता सांगाडा राहिलेली. मुलानं ती दुकानात नेली. गुंडाळायच्या कामात त्याचा हात बसलेला, संध्याकाळपर्यंत नायलॉनच्या पट्ट्या ताणून विणून आणली. फाटकाचा उरलेला हिरवा रंग वन्संनी तिला दिला, आणि शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मांडली. जरा तिरकी केली, जरा मागं घेतली, स्वतः बसून बघितलं, उठल्या. “हं. आता ऱ्हाऊ दे.” मामांचं घड्याळ तिथंच दाराच्या वर लावलं. मी मनात म्हटलं, स्वयंपाकघरात खुर्ची बघून येणारे हसतील.

रविवारी अकराला मंडळी आली: मुलगी, तिचे आईवडील आणि माझे मामा. मामांनी बसायच्या आधी हॉलच्या चारही भिंती बघितल्या आणि त्यांचा चेहरा पडला. “मंगल, घड्याळ बंद पडलं का गं?” वन्सं आतून म्हणाल्या, “बंद कशानं पडंल? सैपाकघरात लावलंय. वेळ बघायची गरज कुणाला असती, बसणाऱ्याला का करणाऱ्याला?” मामा आत जाऊन घड्याळ बघून आले, आणि आपण मुळात स्वयंपाकघरासाठीच ते दिलं होतं असं मुलीच्या वडिलांना सांगू लागले.

मुलीच्या आईंनी हॉलवरून नजर फिरवली आणि त्या म्हणाल्या, “घर लई मोकळं वाटतंय.”

 मला वाटलं, झालं, घरात काही नाही असं म्हणताहेत. आणि मी भडाभडा बोलून गेले, “सामान आहे हो! शोकेस आहे, माडीवर ठेवलीय. ताजमहाल आहे. सात कॅलेंडरं आहेत.” वन्संनी मागून मला असा चिमटा काढला की त्याचा डाग चार दिवस राहिला. मुलीच्या आई हसल्या आणि पाय वर घेऊन वाकळीवर ऐसपैस बसल्या. आधीच्या दोन्ही वेळी असं पाय वर घेऊन कुणी बसलं नव्हतं. चहा निळ्या फुलांच्या कपांत दिला; शोकेस माडीवर जाताना वन्संनी तेवढा सेट खाली काढून घेतला होता. मुलीच्या वडिलांनी कप उचलून ओठाला लावला तेव्हा त्याच्या बुडाला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं मला समोरून दिसलं. एकोणीस वर्षांत ते काढायचं राहिलं होतं.

मुलगी कप ठेवायला म्हणून उठून स्वयंपाकघरात आली. मी आणि वन्सं तिच्या मागोमाग. तिनं ओटा बघितला, घड्याळ बघितलं, आणि खुर्चीपाशी थांबली. “ही खुर्ची कुणाची?”

मी म्हणणार होते, कुणाची नाही, अशीच ठेवलीय. वन्सं आधी बोलल्या, “हिची. दुपारची हितं बसती ती.”

खुर्ची एका दिवसाची होती आणि मी तिच्यावर एकदाही बसले नव्हते. मुलीनं माझ्याकडे बघितलं. “बसून काय करता?” मी घाबरून खिडकीबाहेर बघितलं. शेजाऱ्यांच्या परसातला शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला होता. कधीपासून होता कोण जाणे. मी म्हटलं, “शेवगा बघते.” ती खुर्चीवर जराशी टेकली, शेवगा बघितला आणि हसली.

जाताना कुणीही “कळवतो” म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांचा फोन आला, की मुलीचा होकार आहे. मुलगा तेव्हा मोटारीची तार गुंडाळत होता. त्यानं नुसतं “बरं” म्हटलं, आणि ती एक मोटार त्या दिवशी त्यानं तीन वेळा उकलून परत गुंडाळली.

लग्नात वन्संनी सुनेला साडीबरोबर एका सुती तुकड्यात गुंडाळलेली आपली पक्कड दिली. “आता माज्या गुडघ्यानं एश्टीची पायरी चढवत न्हाय. तू बघ ह्यांच्या भिंतीकडं.” मी हसले, पण नंतर बेंबळीची गाडी सुटताना त्यांची पिशवी खरोखरच रिकामी बघून मला कसंतरीच झालं. तेव्हापासून त्या आलेल्या नाहीत. आम्हीच जाऊन येतो.

लग्नाला वर्ष झाल्यावर सुनेनं मला सांगितलं की त्या दिवशी ती घर नाकारायच्याच तयारीनं आली होती. “पण आई, सासूला बसायला जागा असलेलं घर मी पहिल्यांदा बघितलं. म्हटलं, इथं मलाही मिळेल.” तेव्हा मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. खुर्ची एका दिवसाची होती, मी तोवर कधीच बसले नव्हते, आणि ती येऊन गेल्यावरही भीत भीत बसायला शिकले.  चार दिवसांनी मी दळण घेऊन आले तर खिडकीपाशी दुसरी खुर्ची. तशीच जुनी लोखंडी, तशीच नव्यानं विणलेली. शोकेस अजून माडीवरच आहे, आणि रोजच्या वापरात सेटमधल्या दोन कपांचे कान गेले आहेत.

मी लगेच बेंबळीला फोन लावला. “वन्सं, खुर्च्या दोन झाल्या.”

 पलीकडून प्रश्न आला, “उजेड कुठनं येतो?”

“डावीकडून. दोघींनाही पुरतो. तुम्ही या की, तिसरी मांडते.”

“तिसरी मांडू नको. दाटी व्हईल,” वन्सं म्हणाल्या. “म्या आले की एकीनं उठायचं.”

येत्या रविवारी मुलगा गाडी घेऊन बेंबळीला जाणार आहे त्यांना आणायला. पायरी चढायला नको, थेट दारात उतरवीन म्हणतो. शेवगा पुन्हा फुलला आहे. उठणारी मी असेन, हे मी सुनेला सांगून ठेवलं आहे.